कोणी नसलेल्यांची बशी

माझी घरमालकीण मला पहिल्या आठवड्यापासून आवडली नाही, आणि त्याला कारण भात झाला.

ओंगारमधल्या तिच्या घरातली वरची मागची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा मला आवडीनिवडीची सोय नव्हती. डब्लिनमध्ये खोली बघायला गेलं की दारातच दहाबारा जण उभे असतात आणि तुम्ही किती सभ्य आहात ते दोन मिनिटांत पटवून द्यायचं असतं. मी पटवून दिलं. बाई जपानी, साठी उलटलेली, आयर्लंडमध्ये निम्मं आयुष्य घालवलेली. नवरा आयरिश, मी यायच्या दोन वर्षं आधी गेलेला. हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक काळं, चकचकीत, दोन दारांचं कपाट होतं. आयरिश लोक कुठल्याही कपाटाला 'प्रेस' म्हणतात, तशी तीही त्याला प्रेसच म्हणायची. त्यात नवऱ्याचा फोटो, सोनेरी अक्षरांची एक उभी पाटी, उदबत्त्या, आणि काठीनं वाजवायची एक पितळी वाटी.

त्या सकाळी मला उशीर झाला होता. कुकरमध्ये तिचा भात तयार होता आणि मी डब्यापुरता घेऊ का म्हणून आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं. मी डाव घातला आणि तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "आधी तो," म्हणाली. तो म्हणजे फोटो. एवढ्याशा वाटीत भाताची मूद, ती कपाटात, मग पितळी वाटीचा टण्णकन आवाज, मग हात जोडून ती काहीतरी पुटपुटणार, आणि तोवर माझी बस गेलेली.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चला, आपल्यासारखाच नैवेद्य आहे. मी माझ्या बाबांची मुलगी होते. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन भोंदूंचे चमत्कार उघडे पाडायचे. नारळातून करणी कशी निघते, रिकाम्या मुठीतून अंगारा कसा येतो, हे ते लोकांना करून दाखवायचे. तिठ्यावर कुणी उतारा टाकलेला दिसला की स्कूटर थांबवून त्यातला नारळ उचलायचे, घरी आणायचे आणि आईला त्याची चटणी करायला सांगायचे. मी ती चटणी मिटक्या मारत खायची. आई वाटून द्यायची. ती स्वतः खायची की नाही, ते मी कधी बघितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात बाबा गेले. सकाळी फिरून आले, पेपर घेऊन खुर्चीत बसले, तेवढंच. माझं रेसिडन्स कार्ड नेमकं रिन्यूअलला अडकलेलं होतं. बाहेर पडले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती, आणि नोकरी तशीच टांगणीला होती. मी गेले नाही. सगळं फोनवरून केलं. बाबांनी लिहून ठेवलेलं होतं: देह मेडिकल कॉलेजला द्यावा, कोणताही विधी करू नये, फोटोला हार घालू नये, दिवा लावू नये. मी एकुलती एक. काकांनी दहाव्याचं विचारलं, मी त्यांना तोडून बोलले. मग आईचा फोन आला.

"दहा दिवस नुसता दिवा लावते गं," ती म्हणाली. "बाकी काही नाही करत."

"आई, बाबांनी स्पष्ट लिहिलंय. दिवासुद्धा नको."

"बरं," आई म्हणाली.

तिचं ते 'बरं' मला तेव्हा समजूतदारपणा वाटला. मला स्वतःचा अभिमानही वाटला, तो का लपवू? इतक्या लांबून, एकटीनं, मी बाबांचा शब्द राखला होता.

घरमालकिणीनं मला स्वयंपाकघरात रडताना पाहिलं आणि विचारलं, "आता कुठे आहे तो?"

"मेडिकल कॉलेजमध्ये."

"ते नाही. तो कुठे आहे?"

"तो कुठेच नाही," मी म्हणाले.

मग तिनं मला समजावलं. मेल्यानंतर एकोणपन्नास दिवस माणूस इकडेही नसतो आणि तिकडेही नसतो. दर सातव्या दिवशी त्याचा निवाडा होतो. घरच्यांनी त्या दिवशी काहीतरी करायचं असतं, म्हणजे त्याला पुढे सरकायला बळ मिळतं. काही लोक तर म्हणतात तो तेवढे दिवस घराच्या छपरावरच असतो. मी म्हणाले, माझे बाबा एकोणपन्नास दिवस छपरावर बसले असते तर त्यांनी आधी पाण्याची टाकी कुठे गळते ते शोधलं असतं. ती हसली नाही. "ग्रँड," म्हणाली आणि भांडी पुसायला लागली. या देशात ग्रँड म्हणजे ठीक आहे, मला बोलायचं नाही, तू जा, यातलं काहीही असू शकतं.

जूनमध्ये आई आली. तीन महिन्यांचा व्हिसा. घरमालकिणीनं खालची छोटी खोली तिला मोकळी करून दिली, जास्तीचं भाडं घेतलं नाही, आणि मला या उपकाराचाही राग आला. मी दिवसभर ऑफिसात. आईचं इंग्रजी दुकानात भाव विचारण्यापुरतं. तरी दोघींचं जमलं. आई तिला धिरडी करून घालायची, ती आईला समुद्री गवताचं कसलंसं सूप पाजायची, जे आई माशांचा वास येतो म्हणत नाक मुरडून संपवायची. मी घरी यावं तर दोघी मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या. एक शब्द कळत नाही एकमेकींचा, आणि गप्पा चाललेल्या.

सकाळी मी उतरायच्या आधी आईची आंघोळ झालेली असायची आणि ती त्या कपाटासमोर बसलेली असायची. जिन्यावरून मला तिची पाठ दिसायची आणि हलकी पुटपुट ऐकू यायची. म्हटलं, स्तोत्र म्हणत असेल. बाबा गेल्यापासून तिला देवासमोर बसायला अडवणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिनं परक्याच्या घरात देवघर शोधलं. मनात चरफडत मी डबा भरून निघायचे. तीन महिन्यांचा तर प्रश्न होता.

जुलैच्या एका शनिवारी मी टीव्हीचा रिमोट शोधत वाकले आणि मला बाबा दिसले.

पासपोर्ट साइजचा फोटो. आईच्या पर्समधला, कडा मऊ पडलेला. तो वरच्या खणात, नवऱ्याशेजारी नव्हता. कपाटाच्या खाली, जवळजवळ जमिनीवर, एका वेगळ्या बशीला टेकवून ठेवला होता. बशीत चिमूटभर भात, पाण्याचा घोट, भोपळ्याची फोड.

तळपायाची आग मस्तकात जाणं मी तेव्हा अनुभवलं. घरमालकीण बाहेर फुलझाडांना पाणी घालत होती. मी तशीच अनवाणी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "माझ्या वडिलांचा फोटो तुमच्या कपाटात काय करतोय?"

"तुझ्या आईनं दिला," ती म्हणाली.

"आणि खाली का ठेवलाय?"

तिनं झारी खाली ठेवली. तिला सांगायला जड जात होतं हे दिसत होतं, पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. वरचा खण घरच्यांचा, ती म्हणाली. खालची बशी ज्यांना कुणी नसतं त्यांची. काही मेलेल्यांच्या मागे भात ठेवणारं कुणी उरत नाही. ते उपाशी फिरतात. काही रागावतात, मग त्रास देतात. त्यांच्यासाठीही थोडं बाजूला काढायचं असतं. "मला वाटलं, तुझ्या वडिलांना कुणी देत नाही," ती म्हणाली.

माझा बाप बेवारस! त्यांच्या शोकसभेला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मी तिला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. हे आठवतं की मी तिच्या भुतांना गल्लीतले गुंड म्हणाले आणि भाताला हप्ता म्हणाले. शेजारचा माणूस कुंपणावरून बघायला लागला तेव्हा थांबले. आता लिहिताना मला एक गोष्ट खटकते. आत्मा नाही असं मानणाऱ्या मला, फोटो वरच्या खणात ठेवला की खाली, याचं एवढं काय लागावं? पण लागलं होतं. वरच्या खणात असता तर मी कदाचित निम्म्यानंच ओरडले असते.

आत येऊन मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, हे कळल्यावर तरी फोटो काढून घेईल.

आई शेंगा सोलत होती. "खरंच आहे की," ती म्हणाली. "कोण देतंय त्यांना?"

त्या दिवसापासून आम्ही तिघी एका घरात राहिलो, पण मी त्या दोघींशी कामापुरतंच बोलत होते.

ऑगस्टमध्ये जपानी लोकांचा ओबोन येतो. चार दिवस मेलेली माणसं घरी राहायला येतात. घरमालकिणीनं आईला हे कसं समजावलं कोण जाणे, पण आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनंच मला सांगितलं की गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन असला की दाराशी पांढरा कंदील लावतात. नवीन माणसाला घराची वाट ठाऊक नसते ना. घरमालकिणीनं असा कंदील कागदाचा स्वतः बनवला आणि पुढच्या दाराच्या कडीला अडकवला. ज्या माणसानं फोटोला हार नको म्हणून लिहून ठेवलं, त्याच्यासाठी वेस्ट डब्लिनमध्ये, एकसारख्या दोनशे घरांच्या रांगेत, कंदील! शेजारच्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, लहान मुलांच्या पार्टीचा आहे.

मग भाज्या आल्या. एक काकडी आणि एक वांगं. घरमालकिणीनं दोघांना काडेपेटीच्या काड्यांचे चार-चार पाय लावले आणि कपाटासमोर उभं केलं. काकडी म्हणजे घोडा, मेलेल्यांनी लवकर यावं म्हणून. वांगं म्हणजे बैल. परत जाताना त्यावर बसून जायचं, म्हणजे सावकाश जाणं होतं. आई त्या वांग्याकडे अशी बघत होती की जणू ते आत्ताच चालायला लागेल.

पहिल्या दिवशी घरमालकीण ट्रेननं पोर्टलीशला गेली. नवरा तिथल्या बाजूचा, त्याला तिथेच पुरलंय. ती दरवर्षी बादली आणि फडकं घेऊन जाते, दगड धुते आणि नवऱ्याला घरी घेऊन येते. मी त्या दिवशी घरून काम करत होते. आई जेवून आडवी झाली. दुपारी तीनला माझी एक मीटिंग रद्द झाली, मी खाली आले, आणि ते वांगं दिसलं. मोठं, जांभळं, तजेलदार.

मी काड्या उपटल्या, वांग्याला तेल लावलं आणि गॅसवर ठेवलं.

बाबा हेच करत, याची मला पूर्ण खात्री होती. तिठ्यावरचा नारळ आणि हे वांगं यात मला तिळभर फरक दिसत नव्हता. साल काळी पडून फुटायला लागली, धूर झाला, आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत असताना आई दारात आली. तिनं गॅसकडे बघितलं, मग सिंकजवळ पडलेल्या काड्यांकडे. मी खुर्चीवरून उतरले आणि कांदा चिरायला घेतला.

भरीत झाल्यावर मी दोन ताटं वाढली. मला वाटलं होतं ती उठून जाईल, किंवा रडेल. तिनं भाकरीच्या तुकड्यानं भरीत उचललं, खाल्लं, आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

घरमालकीण सहाच्या सुमाराला आली. पावसात भिजलेली, हातात रिकामी बादली. कपाटासमोर गेली, थबकली, आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे बघायला लागली.

"वांगं कुठे आहे?"

"खाल्लं," मी म्हणाले.

पहिल्यांदाच मी तिला रागावलेली पाहिली. आवाज चढला नाही, पण गालावर लाल डाग उठले. "तुझ्या वडिलांचं तू बघ," ती म्हणाली. "पण माझा नवरा आत्ता माझ्याबरोबर आला. त्यानं परत कशावरून जायचं? उद्या सकाळी दुकान उघडलं की नवीन वांगं आण. पाय तू लावायचेस."

"सॉरी," मी म्हणाले, पण ते मनातून नव्हतं, फक्त तोंडातून निघालं. मग मी आईला मराठीतून सांगितलं, जरा कुत्सितपणेच, की आता बाबांची परतीची सोय गेली, ते इथेच अडकले.

"अडकू देत," आई म्हणाली. "माझं अजून संपलं नाहीये."

तिचं काय संपलं नव्हतं, ते मला समजलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ वाजता दुकानात होते. शरम वाटत नव्हती. घरमालकिणीच्या घरात राहायचं तर तिचं वांगं तिला द्यायला हवं, एवढाच हिशेब होता. परत आले, स्वयंपाकघरातली काडेपेटी घेतली आणि हॉलकडे निघाले. घरमालकीण ओट्याशी उभी होती. तिनं हात आडवा केला.

"थांब जरा. आत जाऊ नकोस."

"का? प्रार्थना चाललीय म्हणून?"

"प्रार्थना?" तिनं माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. "ती त्याला झापतेय. रोजच झापते. तुला माहीत नाही?"

"तुम्हाला मराठी कुठे कळतं?"

"त्याला भाषा कशाला लागते," ती म्हणाली. "मीही माझ्याला झापते."

मी तिचा हात बाजूला केला. हॉलचं दार अर्धं उघडं होतं. आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. खालच्या बशीतला फोटो तिनं उचलून समोर गुडघ्याशी ठेवला होता, समोरासमोर बसल्यासारखा. आवाज खालचा होता, म्हणून मला इतके दिवस ते स्तोत्र वाटत होतं.

"...सोसायटीचा कागद आहे, सही कर, म्हणालात. मी पोळ्या लाटत होते. हात पिठाचे, डोळ्याला चष्मा नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून केली सही. मेडिकल कॉलेजची गाडी दारात आली तेव्हा कळलं मला तो कागद कसला होता. जन्मभर लोकांना सांगत फिरलात, विचारल्याशिवाय काही मानू नका. आणि बायकोला काय सांगितलंत? सोसायटीचा कागद? अहो, मी दिला असता की देह. नाही म्हणाले नसते. विचारलं असतंत तर दिला असता. पण तुम्हाला वाटलं, ही देवळात जाणारी, हिला काय कळतंय, ही रडून गोंधळ घालेल. मग नेलंत स्वतःला परस्पर. पायाला हात लावायलासुद्धा ठेवलं नाहीत."

माझ्या हातातली काडेपेटी खाली पडली. आईनं मान वळवली नाही.

"आई," मी म्हणाले, "बाबा असं करणार नाहीत. तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल. त्यांनी नक्की तुला..."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. आईनं माझ्याकडे तसं कधीच बघितलं नव्हतं, मी दहावीला खोटं बोलून सिनेमाला गेले होते तेव्हाही नाही.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "नऊ महिने झाले, त्यांच्या वतीनं तूच बोलत्येस. दिवा नको, हार नको, हे नको, ते नको. तुला तरी विचारावंसं वाटलं का मला काही? मी आत्ता तुझ्याशी बोलत नाहीये. ज्यांच्याशी बोलतेय त्यांना उत्तर देऊ दे."

ती पुन्हा फोटोकडे वळली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हं, बोला."

स्वयंपाकघरात घरमालकिणीनं नळ बंद केल्याचं मला ऐकू आलं. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होऊन निघून गेली. माणूस मेल्यावर उत्तर का देऊ शकत नाही, हे मी कुठल्याही गावच्या कुठल्याही सभेत उभी राहून दहा मिनिटं सांगू शकले असते. त्याऐवजी मी वांगं छातीशी धरून दारात उभी राहिले आणि आईबरोबर वाट बघितली. बाबांनी उत्तर दिलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला.